इरूचे एकशेतीस मीटर

"…मग खरा आकडा कुणाचा, वस्ताद? माझा की इरूचा?"

शार्दूल आवटीनं अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. घाट चढून आलेला, धाप लागलेली, आणि एक पाय जमिनीवर टेकतो न टेकतो तोच त्यानं हे विचारलं. वाटभर तो हेच घोकत आला असणार.

कासमवस्ताद दर्ग्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होते.

"आधी पाणी पी," ते म्हणाले.

"पाणी नको, वस्ताद. निकाल हवाय."

"निकाल न्हाई माठात. पाणी हाय."

शार्दूल मुकाट्यानं माठाकडे गेला.

कासमवस्ताद एके काळचे सांगलीचे नावाजलेले शर्यतवीर. शर्यती खेळणं थांबल्यावर त्यांनी दोन पिढ्यांना सायकलवर घाट चढायला शिकवलं. तालमीत चालावा तसा त्यांचा शब्द चालायचा, म्हणून नावापुढे वस्ताद लागलं ते कायमचंच. बायको गेल्यावर ते इथे करंजखिंडीत, घाटमाथ्यावरच्या या लहानशा दर्ग्यापाशी येऊन राहिले. सकाळ-संध्याकाळ दिवा लावायचा, अंगण झाडायचं, वर येणाऱ्या सायकलवाल्यांना पाणी द्यायचं. त्यांना ते पुरत होतं.

त्यांचा एक रिवाज मात्र खाली सांगलीत अजून पाळला जायचा. लांबच्या चढाला एकट्यानं जायचं नाही. जोडीनं निघायचं आणि जोडीनं पोचायचं. एका दिवसात चार हजार मीटर चढून जी जोडी खिंडीत येईल, तिनं दर्ग्याच्या अंगणातल्या तारेवर सायकलची एक घंटी बांधायची.

चार हजार म्हणजे दिवसभरात जिथे जिथे चढ लागला त्याची बेरीज. उतार वजा करायचा नाही. आणि चार हजार दोघांचेही भरले पाहिजेत, एकाचे भरून चालत नाही.

तारेवर घंट्या मोजक्याच होत्या. वाऱ्यानं त्या वाजत नसत, कारण सायकलची घंटी अंगठ्याशिवाय वाजत नाही. पण उन्हात चमकत, आणि वर पोचलेल्या प्रत्येकाची नजर आधी तिकडेच जायची.

शार्दूलच्या खिशात अशीच एक घंटी होती. पितळी, कोरी. गेला महिनाभर ती खिशातच होती.

"हं, सांग आता," वस्ताद म्हणाले.

"एकच रस्ता, वस्ताद. एकच दिवस. पहाटेपासून मी नि इरू चाकाला चाक लावून. मधले सगळे घाट चढलो, उतरलो, शेवटी ही खिंड. माझ्या जीपीएसनं एकूण चढ दाखवला तीन हजार नऊशे तीस. त्याच्या जीपीएसनं चार हजार साठ."

"बरं."

"बरं काय, वस्ताद? एकशेतीसचा फरक. त्याचे भरले, माझे सत्तर कमी पडले. घंटी गेली माझी."

"जोडीची."

"…हो. जोडीची."

इरू म्हणजे इरगोंडा मगदूम. कुपवाडच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. माणूस अबोल, इतका की हजेरी घेतानाही तो नावं पुटपुटतो असं पोरं म्हणायची. शार्दूलचा ओतकामाचा कारखाना, चार लोकांत ऊठबस आणि आवाज मोठा. शाळेपासूनचे दोस्त, आणि सायकलवर वीसेक वर्षांचे जोडीदार. सांगलीत कुठल्याही टपरीवर हे दोघं दिसले, की शार्दूल गप्पा मारतोय आणि इरू त्याच्या चाकात हवा भरतोय, असंच दृश्य असायचं.

"इरू कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

शार्दूलनं माठावरचं झाकण नीट केलं.

"तुला विचारतोय."

"तो येत नाही आता."

"का रं?"

शार्दूलनं हेल्मेटचा पट्टा काढला, परत लावला, परत काढला.

"मी ग्रुपवर लिहिलं. की त्याचा आकडा बनावट आहे."

"समद्यांच्या म्होरं?"

"खरं ते लिहिलं, वस्ताद. त्यात लपवायचं काय?"

"मग इरू काय म्हणाला?"

"काही नाही. ग्रुप सोडला. सायकल टांगून ठेवलीय म्हणे भिंतीला. त्याची बायको भेटली होती भाजी घेताना, ती सांगत होती. पुढचं चाक पण काढलंय."

वस्तादांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. सायकलवाला सायकल टांगतो तेव्हा ती चार दिवसांसाठी असते. चाक काढून टांगतो तेव्हा मन उडालेलं असतं, हे त्या अंगणातल्या दोघांनाही ठाऊक होतं.

"म्हणून आलोय," शार्दूल म्हणाला. "तुमच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. तुम्ही म्हणालात माझा खरा, तर तो मानेल. त्याचा खरा म्हणालात, तर मी… बघीन. पण एकदाचं सांगा."

"तुझी ती डबी दे."

डबी म्हणजे जीपीएस. सायकलच्या दांड्यावर बसवतात ते काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. वस्तादांनी त्याला कधी दुसरं नाव दिलं नाही. शार्दूलनं ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं. वस्तादांनी पायरीवर ठेवलं.

"चढ मोजायला लाव."

"इथं?"

"इथंच."

"पण इथं चढ कुठाय?"

"लाव तर खरं."

शार्दूलनं बटण दाबलं. डबी पायरीवर पडून राहिली. वस्ताद उठून बाजूच्या आपल्या खोलीत गेले आणि लसूण कुटायचा आवाज येऊ लागला.

सकाळचं ऊन चढलं होतं. शार्दूलला तासाभरात निकाल घेऊन उतरायचं होतं, दुपारी कारखान्यात माणसं यायची होती. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि वस्तादांनी केलेली भाकरी नको म्हणण्याची छाती अजून तरी कुणाला झाली नव्हती. भाकरी आली, लसणाची चटणी आली, वर ताक आलं. ताकानंतर जे व्हायचं तेच झालं. भिंतीच्या सावलीत शार्दूल आडवा झाला आणि घोरू लागला. महिन्याभरात त्याला अशी झोप लागली नव्हती.

जागा झाला तेव्हा सावली पार अंगणाच्या मध्यापर्यंत सरकली होती.

"बघ काय म्हणती तुझी डबी," वस्ताद म्हणाले.

शार्दूलनं डोळे चोळत पाहिलं. एकूण चढ अठरा मीटर.

"हे होतं, वस्ताद. हिच्या आत हवेचा दाब मोजायची सोय असते. उंच जावं तसा दाब कमी होतो, त्यावरून ही उंची काढते. पण दुपारी दाब आपोआपच जरा उतरतो. मग हिला वाटतं आपण वर चाललोय."

"म्हंजे भाकरी खाऊन झोपलास, नि अठरा मीटर चढलास."

शार्दूलला हसू फुटलं. वस्तादही हसले. आणि हसता हसता शार्दूलचा चेहरा एकदम उजळला.

"वस्ताद, मग तसंच झालं असेल. इरूची डबी अशीच फुगली असेल. त्यानं काही केलं नसेल, तिनंच दाखवलं असेल. मी लिहितो ग्रुपवर, की दोष हवेचा आहे, माणसाचा नाही. मिटलं मग."

तो खरंच मोबाइल काढायला लागला. मित्र निर्दोष सुटत होता आणि आपणही फारसे चुकलेलो नव्हतो, याहून स्वस्तात भांडण कुठे मिटणार होतं?

"त्या दिवशी इरू एका हवेत होता," वस्ताद म्हणाले, "नि तू दुसऱ्या?"

"म्हणजे?"

"चाकाला चाक लावून होता न्हवं दोघं?"

"…होतो."

"मग फुगायच्या तर दोन्ही फुगतील की."

शार्दूलचा अंगठा मोबाइलवर थांबला…

तो पुन्हा बोलला तेव्हा आवाज बदललेला होता.

"मला ठाऊक आहे ते, वस्ताद. हवा नाही. त्यानंच केलंय. हे बघा."

त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर त्या दिवसाच्या प्रवासाच्या दोन रेघा होत्या, एक निळी, एक तांबडी. दिवसभर एकमेकींना चिकटून चढत-उतरत आलेल्या, इतक्या की दोन आहेत हे सांगावं लागावं. फक्त अगदी शेवटी, या घाटावर, त्या वेगळ्या झाल्या होत्या. निळी माथ्यावर पोचली होती, मग खाली खड्ड्यात उतरून परत माथ्यावर आली होती.

"निळी इरूची. तो माझ्या आधी वर पोचला. इथं, तुमच्या पायरीपाशी. आकडा बघितला असणार. तीन हजार नऊशे तीस. मग काय केलं त्यानं? गुपचूप खाली गेला आणि परत चढून आला. आकडा भरायला. करतात लोक असं."

करतात खरं. पाच-पन्नास मीटर कमी पडले की घराजवळच्या पुलावर सायकल वर-खाली करत बसणारे महाभाग सांगलीतही आहेत.

"आणि मी वर आलो तेव्हा मला म्हणाला, मी पण आत्ताच आलो. तोंडावर खोटं, वस्ताद. इरू. माझ्याशी."

वस्ताद त्या निळ्या रेघेकडे बघत होते.

"भरायचंच होतं तर भरायचं. पण मला सांगायचं ना. शार्दूल, थोडे कमी पडतायत, चल, दोघं खाली जाऊन येऊ. मी आलो असतो. पायांत जीव नव्हता तरी आलो असतो. वीस वर्षं जोडीदार म्हणवतो आणि स्वतःचं तेवढं भरून घेतो…"

राग सत्तर मीटरचा नव्हताच. आपल्याला सोडून इरूनं काही केलं, हे त्याला लागलं होतं.

"तुम्ही इथंच होता त्या दिवशी. तुम्ही पाहिलं असेल."

"व्हय. बघितलं."

"गेला ना तो खाली?"

"गेला."

"कशाला गेला?"

वस्तादांनी पायरीवरची लसणाची सालं गोळा करायला घेतली.

"वस्ताद, कशाला गेला?"

"सांगू नका म्हणाला. मी शब्द दिलाय."

शार्दूल उभा राहिला.

"बघा. म्हणजे तुम्हालासुद्धा लपवायला सांगितलं त्यानं."

त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण तोंडावर आनंद दिसत नव्हता. आपण खोटे ठरावं म्हणून तर हा इतक्या लांब आला नव्हता ना, असं कुणालाही वाटलं असतं.

वस्तादांनी गुडघ्यावर हात दाबून स्वतःला उठवलं.

"चल. जरा पाय मोकळे करू."

"कुठं?"

"तुझ्या त्या खड्ड्यात. तळाला काय हाय बघू."

"आता? तुमचे गुडघे…"

"गुडघे माझे हाईत. माझ्यासंगं येतील. डबी घे खिशात, चालू राहू दे. नि हे बूट काढ. हे काय चालायचे न्हवंत."

सायकलच्या बुटांना तळव्याशी पेडलमध्ये अडकवायची खुंटी असते. वस्तादांनी भिंतीजवळची जुनी चप्पल त्याच्याकडे सरकवली, आणि दोघं निघाले. डांबरी रस्ता लांब वळसे घेत उतरत होता. वस्तादांनी करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी पायवाट धरली. दर दहा पावलांना ते थांबत, काठी टेकत, आणि मग उतरत. शार्दूल पुढे जाऊन उभा राही आणि हात देई. हात द्यायची वेळ आली की ते घेत, नाहीतर नाही.

पायवाट एका वळणावर रस्त्याला मिळाली. दरीकडच्या बाजूला दगडी कठडा होता.

शार्दूलनं मोबाइलवरचा नकाशा पाहिला.

"हेच ते. इथून वळला तो."

"नक्की?"

"एखादा मीटर इकडं-तिकडं."

"काय हाय इथं?"

शार्दूलनं आजूबाजूला पाहिलं. "काही नाही. कठडा आहे."

"मग बस की कठड्यावर."

दोघं बसले. खाली रस्ता मुरड घेत उतरत होता, आणि बरोबर समोर, पुढच्या वळणावर, एक उंबर होता. उंबराखाली एक मोठा धोंडा. शार्दूलनं तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"उंबर दिसतोय?"

"दिसतोय."

"त्या दिवशी निळी रेघ हितं होती, तवा तांबडी कुठं होती रं?"

शार्दूल मोबाइल बघायला लागला. त्याला बघायची गरज नव्हती.

"…तिथं."

"उंबराखाली?"

"पाच मिनिटं. जरा टेकलो होतो."

वस्तादांनी भुवई उचलली.

"…पंधरा असतील."

भुवई तशीच वर होती.

"गोळे आले होते, वस्ताद. दोन्ही पायांत. पोटात काही राहत नव्हतं, दोनदा उलटी झाली. इरूला मी खालीच सांगितलं होतं, तू हो पुढं, मी आलोच. कुणाला बोललो नाही हे. तुम्हाला म्हणून सांगतो."

"मग उठलास कसा?"

आणि शार्दूलचा चेहरा पुन्हा खुलला. ही त्याची आवडती गोष्ट होती. उलटीचा भाग वगळून त्यानं ती सांगलीभर सांगितली होती.

"ती मजाच झाली. एसटी आली आणि बरोबर माझ्यासमोर थांबली. कंडक्टर खाली उतरला. हातात लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. मला म्हणतो, आवटी तुम्हीच ना? घ्या, प्या. बघा, वस्ताद. एसटीचा कंडक्टर नावानं ओळखतो. माझा फोटो आला होता ना पेपरात, तो बघितला असणार. ते पाणी प्यालो आणि पायांत जीव आला. नाहीतर मी काही… ती बस वरून…"

तो थांबला.

बस वरून आली होती.

…

खाली दरीत कुणाची तरी म्हैस हंबरत होती. वस्तादांनी काठीनं पायाजवळचा खडा सरकवला, परत जागेवर आणला.

"वस्ताद," शार्दूलनं हळूच विचारलं, "तुमच्याकडं लिंबू असतं?"

"असतं की."

"मीठ, साखर?"

"घर म्हटलं की असायचंच."

"एसटी थांबते तुमच्यापाशी?"

"हात केला की थांबती."

शार्दूल उठला आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. इथून उंबराखाली बसलेला माणूस दिसतो. तो बाटली तोंडाला लावतो ते दिसतं. उठतो, सायकल उभी करतो, टांग टाकतो, तेही दिसतं. उंबराखालून मात्र वर पाहिलं तर नुसता कठडा दिसतो, मागचा माणूस दिसत नाही. अर्थात शार्दूलनं त्या दिवशी वर पाहिलंच नव्हतं.

"बाटली पाठवली होती ना त्यानं," तो म्हणाला. "मग स्वतः कशाला निघाला? … राहवलं नसेल. आणि मी उठलो ते दिसलं, तसा इथूनच वळला. मला गाठलंही नाही."

वस्ताद उंबराकडे बघत होते.

"मीच बजावलं होतं, वस्ताद. पूर्वी एकदा आंबोलीच्या चढाला तो असाच मला घ्यायला मागं आला होता. सगळ्यांच्या देखत. मी त्याला म्हटलं, मी काय पांगळा आहे का? मला घ्यायला परत कधी मागं यायचं नाही. आठ दिवस बोललो नव्हतो त्याच्याशी."

"मग आला न्हाई की तो," वस्ताद म्हणाले. "हितवरच आला."

शार्दूलला रडू आलं. घाम पुसावा तसं त्यानं बाहीनं तोंड पुसलं, पण ते काही थांबेना, तेव्हा त्यानं पुसायचं सोडून दिलं. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी पाहू नये एवढं त्यांना कळत होतं.

"एक शब्द बोलायचा, वस्ताद," तो म्हणाला. "मी ग्रुपवर एवढं वाट्टेल ते लिहिलं. त्यानं फक्त लिहायचं होतं, की शार्दूलसाठी खाली गेलो होतो. माझं तोंड बंद झालं असतं."

"नि बाकीच्यांना काय कळलं असतं?"

"की मी उंबराखाली ओकत बसलो होतो."

वस्ताद उठले. "चल. दिवा लावायची वेळ व्हईल."

परतताना त्यांनी रस्ता धरला, कारण चढाला पायवाट गुडघ्यांना जड जाते. रस्ता लांबचा होता. प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि कठड्याला टेकायचे. जाताना शार्दूल पुढे होता, आता मागे नव्हता आणि पुढेही नव्हता. त्यानं नकळत आपलं पाऊल त्यांच्या पावलाला लावून घेतलं होतं. असं हळू चालणं त्याला जमतं, हे त्याच्या कारखान्यातल्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

"तुम्ही बसा इथंच," तो एकदा म्हणाला. "मी वर जाऊन कुठलीतरी जीप बघतो."

"जीपमधला चढ डबी धरती का?"

"धरते की. पाय चालले का चाकं, तिला काय कळतंय?"

"मग चालूच."

वस्तादांनी एक हात त्याच्या खांद्यावर टाकला. म्हाताऱ्याचा भार खांद्यावर घेऊन शार्दूल तो चढ चढला. मध्येच एकदा त्यानं मागे वळून खालच्या वळणाकडे पाहिलं. दिवसभर चढून वर पोचलेल्या, पाय थरथरणाऱ्या माणसानं हा एवढा रस्ता परत उतरायचा आणि परत चढायचा, हे आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरत होतं.

खिंडीत पोचले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. वस्ताद पायरीवर बसले आणि गुडघे चोळू लागले. शार्दूलनं सवयीनं डबी काढली.

एकूण चढ एकशे अठ्ठेचाळीस.

"त्यातले अठरा झोपेचे," तो स्वतःशीच म्हणाला. "राहिले एकशेतीस."

त्यानं डबी बंद केली. आजचा आकडा ठेवू का, असं तिनं विचारलं, तर त्यानं नको म्हटलं. मग खिशातून ती पितळी घंटी काढली आणि वस्तादांसमोर पायरीवर ठेवली.

"ही इरूच्या नावानं बांधा. त्याचे भरले. माझे नाही भरले."

वस्तादांनी घंटी उचलली, अंगठ्यानं एकदा वाजवून पाहिली आणि शार्दूलच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"घंटी जोडीची असती."

शार्दूलनं ती परत खिशात टाकली. बूट चढवले, हेल्मेटचा पट्टा लावला.

"घरी जात नाही आता. सरळ कुपवाड. त्याच्या दारात. उघडलं नाही दार, तर बसतो पायरीवर. आणि ग्रुपवर पण लिहितो सगळं."

"समदं?"

"उंबरासकट."

वस्तादांनी मान हलवली. दिव्याच्या वाती शोधायला ते आत निघाले होते, तेवढ्यात शार्दूलनं पेडलवर पाय ठेवून हाक मारली.

"वस्ताद, सकाळी विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं मला. डबी इरूचीच खरी होती. आत्ता चालून बघितलं. एकशेतीस म्हणजे अगदी एकशेतीस."

वस्ताद दारात थांबले…

"न्हाई बाळा," ते म्हणाले. "लई कमी दाखवलंय तिनं."